उशिरा वर जाणारे हात

४ नोव्हेंबर

मुलीचं म्हणणं, बोलत नाही तर निदान लिहा. बोलून काय होतं ते गेल्या सहा महिन्यांत पाहिलं. भेटायला येणारा प्रत्येक जण बोलतच होता. एक गृहस्थ तर माझ्याच खुर्चीत बसून स्वतःच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची सगळी हकिगत सांगून गेले आणि चपला घालताना मला म्हणाले, मन मोकळं करत जा. कागदाचं एक बरं आहे, तो समोर बसून मान डोलवत नाही.

लिहिण्यासारखं एवढंच आहे की आमचा लाडका बँड शेवटचा कार्यक्रम करतो आहे. या महिन्याच्या बावीस तारखेला, मोठ्या बंदिस्त स्टेडियममध्ये. शेवटचा म्हणून त्यांनी मागेही एकदा जाहीर केलं होतं, पण गायकाचं वय आणि पोट बघता या वेळी खरं असावं. घरात दोन तिकिटं आहेत. ती बायकोनेच काढली होती, मार्चमध्ये, तेव्हा ती घरातल्या घरात हिंडत होती. डॉक्टरांनी मला आणि मुलीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, तिला सांगितलं नव्हतं. तिकिटं काढल्यावर ती म्हणाली, "तुम्ही जाल ना पण?" मी म्हणालो, आपण जाऊ. मे महिन्यात ती गेली.

मी एकटा जाणार. तिची जागा कुणाला द्यायची नाही. आमची दोघांची जागा ठरलेली, डावीकडे, साउंडवाल्यांच्या कठड्याला लागून. तिथे आवाज सगळ्यात स्वच्छ येतो. लग्नापासून आम्ही तिथेच उभे राहत आलो. घरात मला ती कुठेच सापडत नाही. घर नुसतं घर आहे. तिथे सापडेल असं वाटतं.

७ नोव्हेंबर

आज कामावर फक्त दोन कान. एक म्हातारे गृहस्थ आणि एक शाळकरी मुलगी.

माझं काम कानाचे साचे करण्याचं. कानात आधी दोरा बांधलेला छोटा स्पंज सारायचा, मग पिचकारीने मऊ लगदा भरायचा, तो घट्ट होईपर्यंत माणसाने बोलायचं नाही, गिळायचं नाही. मग अलगद ओढून काढायचा. त्यावरून श्रवणयंत्राचा साचा तयार होतो, किंवा प्लग. पोहणाऱ्यांचे प्लग भरीव असतात, पाणी जाऊ नये म्हणून. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचे वेगळे. त्यांच्या मधून बारीक भोक जातं आणि तोंडाशी बटणाएवढा फिल्टर बसतो. त्याने आवाज कमी होतो पण बिघडत नाही. सूर, शब्द, सगळं येतं, फक्त कान फाटत नाही.

लग्नानंतरच्या पहिल्या कार्यक्रमाहून आली ती डोकं धरूनच. तेव्हा मी तिच्यासाठी असे प्लग केले. त्यानंतर दर तीन-चार वर्षांनी नवे, कारण कानही बदलतो. माझे प्लग माझ्या कुठल्यातरी खिशात पडलेले असायचे. तिचे ती स्वतः धुवायची, पुसायची, डबीत ठेवायची, कुणाला हात लावू द्यायची नाही. मला त्याचं फार कौतुक होतं. बायकोने नवऱ्याच्या कामाची इतकी कदर केलेली मी दुसरीकडे पाहिली नाही.

आज डबी कामावर नेली होती. नुसतीच टेबलावर ठेवली. चकाकीने पाहिली. चकाकी म्हणजे माझा शेजारचा सहकारी. साचा माझ्याकडून निघाला की घासून गुळगुळीत करायला त्याच्याकडे जातो, आणि तो हाताला येईल ते चमकवत बसतो, चहाची किटलीसुद्धा, म्हणून हे नाव. तो म्हणाला, "वहिनींची डबी ना?" मी मान हलवली. तो लगेच उठून चहा प्यायला गेला. चहा नुकताच झाला होता. माणसांना दुःखाजवळ बसता येत नाही.

११ नोव्हेंबर

मास्तरांचा फोन. ते खरंच शाळेत गणित शिकवतात आणि बँडने कुठल्या कार्यक्रमात कोणतं गाणं कितव्यांदा म्हटलं ते त्यांना पाठ असतं. बँडच्या चाहत्यांच्या आमच्या टोळीतले आता चारपाच जणच उरले. बाकीच्यांना गुडघे झाले किंवा नातवंडं झाली. मास्तर बराच वेळ ड्रमवर आलेल्या नव्या मुलाला नावं ठेवत होते. मग म्हणाले, "वहिनींशिवाय थांबा कसा वाटेल हो?"

थांबा म्हणजे शेवटच्या गाण्यातली ती जागा. गाणं ऐन भरात असताना सगळी वाद्यं एकदम थांबतात, दिवे जातात. किती वेळ ते गायकाच्या मर्जीवर. कुणी टाळी वाजवायची नाही, खोकायचंही नाही. हे कुणी लिहून दिलेलं नाही, आम्ही पाळत आलो. मग अंधारात गायक माइकजवळ येऊन अगदी हळू, कानात सांगितल्यासारखं म्हणतो, "या." तो शब्द ऐकू यावा म्हणूनच एवढी शांतता. आणि त्या शब्दावर हजारो हात एकदम वर जातात आणि वाद्यं कोसळतात.

तिचे हात कायम मागाहून. सगळ्यांचे गेले की एका क्षणाने तिचे. टोळीत यावरून तिची किती चेष्टा. वहिनींची गाडी लेट, वहिनींना वेगळं आमंत्रण लागतं. ती हसायची, बाजू मांडायची नाही. मला कारण माहीत होतं. ती त्या शांततेत इतकी बुडून जायची की बाहेर यायला तिला वेळ लागायचा. आम्ही नुसते हात वर करायचो. ऐकायची ती.

मास्तरांना म्हणालो, या वेळी मी एकटाच येतोय. ते पुन्हा ड्रमवाल्यावर घसरले.

१५ नोव्हेंबर

घरात खटका उडाला. मुलगी म्हणते ती येणार. तिला हा बँड अजिबात आवडत नाही. लहानपणी मी गाणी लावली की ती स्वयंपाकघरात आईजवळ जाऊन बसायची. मी म्हटलं, कशाला उगाच पाय मोडून घेतेस? ती म्हणाली, आईने मला सांगितलंय, बाबांना एकट्याला पाठवू नकोस. मी विचारलं, कधी सांगितलं? म्हणाली, हॉस्पिटलात.

मला खरं वाटत नाही. हॉस्पिटलात मी होतो की सारखा. आणि तसं असतं तर बायको मला बोलली असती. तिच्या मनातलं मला ठाऊक नाही असं काही नव्हतं.

पण तिकीट मुलीने आधीच आपल्या पर्समध्ये ठेवलं होतं. मी वर्तमानपत्र उघडलं. ती म्हणाली, "झालं. मिटलं पान." हे आईचं वाक्य. मी बोलणं बंद केलं की ती असंच म्हणायची.

२१ नोव्हेंबर

उद्या. डबी कोटाच्या आतल्या खिशात. थांब्याला ती मुठीत धरायची, एवढंच ठरवलं आहे. मुलगी शेजारी असली तर असो.

२३ नोव्हेंबर

काल रात्री लिहिणं जमलं नाही.

दारावरच्या रखवालदाराने खिसे रिकामे करायला लावले. डबी उघडून म्हणाला, हे काय? प्लग म्हटल्यावर त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मग आलात कशाला.

आत सगळी नवी पोरं. आमच्या कठड्याला टेकून एक जोडपं स्टेजकडे पाठ करून स्वतःचेच फोटो काढत होतं. गायक अर्धा कार्यक्रम स्टुलावर बसून गायला. वरच्या पट्टीतल्या ओळी त्याने आमच्याकडे माइक करून आमच्याकडूनच म्हणवून घेतल्या आणि आम्ही खुळ्यासारख्या म्हटल्या. मास्तर ओरडून सांगत होते की दुसऱ्या गाण्याचं एक कडवं खाल्लं. नवा ड्रमवाला मात्र चांगला होता, हे मास्तरांना सांगण्याची सोय नव्हती.

तिसऱ्या गाण्याला मुलीने दोन्ही हात कानांवर ठेवले. मी आयुष्यभर परक्यांच्या कानांचे साचे केले आणि घरच्या मुलीसाठी प्लग केले नाहीत, कारण ती कधी येतच नव्हती. तिचे कान आईचे आहेत. दोघींच्या कानांची पाळी, आतलं वळण, सारखं. हे मला धंद्यामुळे कळतं. खिशात डबी होती. द्यायची इच्छा नव्हती, खोटं कशाला लिहू. पण तिचा चेहरा पिळवटला होता. शेवटी दिले. थोडे सैल बसले असतील, पण बसले. ती शांत झाली.

मग शेवटचं गाणं. दिवे गेले, वाद्यं थांबली. कुणीतरी शिट्टी मारली, मोबाइलचे उजेड वर आले, शिकवलेलंच नाही कुणी या लोकांना. तरी हळूहळू सगळं निवत गेलं. माझी मूठ रिकामी होती. मी मनात म्हटलं, ये आता.

"या," तो म्हणाला.

माझे हात वर गेले. सगळ्यांचे गेले. आणि एका क्षणाने, अगदी त्याच एका क्षणाने, माझ्या उजव्या बाजूला दोन हात वर गेले.

मी वळून पाहिलं तर मुलगी होती. ती स्टेजकडे पाहत नव्हती. माझ्याकडे पाहत होती.

मला जे हवं होतं ते मिळालं असं तेव्हा वाटलं. स्कूटरवरून येताना मी बडबड करत होतो असं मुलगी आज सांगते. मला एवढंच आठवतं की वळणावर मी तिला विचारलं, तुझे हात उशिरा का गेले? ती मागून म्हणाली, "अहो बाबा, त्या प्लगमधून ऐकू कुठे येतं? नुसते छातीत ठोके बसतात. तुम्ही हात वर केलेत म्हणून मी केले."

मी म्हटलं, नीट बसले नसतील. पण सैल प्लगने जास्त ऐकू येतं, कमी नाही. हे मला घरी आल्यावर, कुलूप काढताना सुचलं.

२४ नोव्हेंबर

कामावर सगळ्यात आधी पोचलो आणि दिव्याखाली प्लग उलटे धरले.

बाहेरून ते बरोबर आहेत. फिल्टर जागच्या जागी. पण आतलं टोक बंद. भोक भरून टाकलेलं, वरून असं घासलेलं की नखाला जोड लागत नाही. दोन्ही. हे दुकानातलं काम नाही, घरी सुई-दोऱ्याने करायचं काम नाही. इतकं गुळगुळीत काम इथे एकच माणूस करतो, आणि तो माझ्यापासून हातभर अंतरावर बसतो.

प्लग टेबलावर तसेच उलटे ठेवले. दिवसभर तो माझ्याकडे बघेना. मी विचारणार हे त्याला कळलं होतं.

२६ नोव्हेंबर

विचारलं.

चकाकीने आधी घासायच्या मशीनचा पट्टा बंद केला, हात पुसले, चष्मा पुसला. मग सांगितलं. पहिल्या जोडीपासून. मी नवे करून घरी नेले की दोनचार दिवसांनी, मी रजेवर किंवा आमच्या कानाच्या डॉक्टरबाईंबरोबर बाहेर असलो की ती यायची आणि भोकं भरून मागायची. पहिल्यांदा त्याने म्हटलं, वहिनी, मग पोहायचेच घ्या की. ती म्हणाली, ते वेगळे दिसतात. तिला ते संगीत सहन होत नसे. डोकं ठणकायचं. कधीच आवडलं नव्हतं.

मी विचारलं, मग यायची कशाला? त्याने पट्टा पुन्हा चालू करायला हात नेला आणि मागे घेतला.

"मीही हेच विचारलं होतं," तो म्हणाला. "त्या म्हणाल्या, ह्यांचा चेहरा तेवढ्या वेळात उघडतो हो. घरी नाही बघायला मिळत."

मी म्हटलं, आता गोड बोलून काय उपयोग? तुम्ही दोघांनी मिळून मला वीस वर्षं मूर्ख बनवलं. तो उठून गेला. थोड्या वेळाने माझ्यासाठी चहा आणून ठेवला. मी घेतला नाही.

२७ नोव्हेंबर

आयुष्यभर जिच्या शेजारी उभा राहून ऐकलं तिला ऐकू येत नव्हतं. म्हणजे मी एकटाच होतो.

चेहरा म्हणे. चेहरा काय बघायचा? माझा चेहरा घरी नव्हता का? समोरच बसायचो की, रोज, वर्तमानपत्र घेऊन.

२९ नोव्हेंबर

मास्तरांचा फोन. टोळीचं ठरलं आहे की दरवर्षी एक दिवस जमायचं, जुना कार्यक्रम पडद्यावर लावायचा आणि थांब्याला सगळ्यांनी हात मुद्दाम उशिरा वर करायचे, वहिनींसाठी. त्यांनी शर्टावर छापायला मजकूरही काढला आहे, 'गाडी लेट'. माझा शर्ट कोणत्या मापाचा ते विचारत होते.

खरं सांगितलं असतं तर त्यांचंही तोंड उतरलं असतं. एकदा वाटलं सांगावं. मग माप सांगितलं.

स्कूटरचं आठवलं. कार्यक्रमाहून परतताना ती दर वेळी म्हणायची, लांबच्या रस्त्याने घ्या. मला वाटायचं तिच्या कानात गाणी आहेत, ती उतरू नयेत म्हणून. गाणी तर कानात शिरलीच नव्हती. मग लांबचा रस्ता कशाला? मी तर नुसता बोलत असायचो.

२ डिसेंबर

आज चकाकी जेवायला गेल्यावर प्लग मशीनला लावले आणि भोकं पाडली. मूळ जशी होती तशी, सरळ, स्वच्छ. भरलेला भाग पावडर होऊन पडला. फुंकर मारली. नवे फिल्टर बसवले. आता ते प्लग मी केले तसे आहेत.

बरं वाटेल असं वाटलं होतं.

चकाकी आला, टेबलावरची पावडर पाहिली. त्याने फडक्याने ती एका कागदावर गोळा केली आणि कागदाची पुडी बांधून आपल्या खणात ठेवली. काय करणार आहे तिचं? माणसाचं डोकं फिरलेलं आहे.

७ डिसेंबर

रविवार. मुलगी सकाळी म्हणाली, आईचे ते प्लग मला द्या, मला बसतात. मी म्हटलं, घे, आता दुरुस्त केले आहेत, भोकं मोकळी केली, सगळं ऐकू येईल. तिने डबी उघडून प्लग हातात घेतले, उजेडाकडे धरून आरपार बघितलं. बराच वेळ. तिला मी सगळं सांगितलं नव्हतं, चकाकीने सांगितलं की काय कोण जाणे, हल्ली ती त्याच्या बायकोशी फोनवर बोलते. म्हणाली, "विचारायचं तरी होतं, बाबा." डबी मिटून आपल्या खोलीत नेऊन ठेवली. तिला माझं काही पटायचंच नाही असं दिसतं. दुरुस्त करायच्या आधी कुणाला विचारायचं होतं? विचारायचं माणूस आहे कुठे?

दुपारी ती बाहेर आली आणि म्हणाली, ते शेवटचं गाणं लावा. मी म्हटलं, तुला आवडत नाही. म्हणाली, लावा तर.

जुनी सीडी लावली. ती माझ्यासमोर वेताच्या मोड्यावर बसली, आई बसायची तिथे. मी वर्तमानपत्र घेतलं तर तिने ते काढून बाजूला ठेवलं. थांबा आला. सीडीवरही तो लांब आहे, बंद पडली की काय असं वाटावं इतका. मग गायक हळूच 'या' म्हणाला आणि माझे हात गुडघ्यांवरून आपोआप उचलले गेले, सवयच आहे ती. तिनेही केले. उशिरा.

आज तिच्या कानात काही नव्हतं. घरात दुसरा आवाज नव्हता. शब्द अगदी स्वच्छ आला होता.

मी म्हटलं, आता तर ऐकू येतं ना? मग लक्ष कुठे आहे तुझं, बघतेस काय माझ्याकडे?

"काही नाही," ती म्हणाली. "परत लावा ना बाबा."

तिला हा बँड आवडत नाही, तरी चार वेळा लावायला लावलं. कशासाठी ते कळलं नाही. लावलं.